शाकारणी: कोकणातल्या घराचं बाहेरचं अंग

आजचा विषय घराच्या बाहेरच्या अंगाचा आहे. भिंत, गिलावा, छप्पर, म्हणजे ऊन, पाऊस आणि वारा यांना जे थेट तोंड देतं ते. प्रांत कोकणचा. मधे एकदा मंगळुरात डोकवावं लागेल, कारण आपल्या घरांवरची कौलं तिथून आली.

3 जून 2020 ला दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागात माड-पोफळी आडव्या झाल्या आणि घरांची छपरं गेली. पावसाळा दारात उभा. त्या आठवड्यात लोकांसमोर एकच प्रश्न होता, छप्पर कशाचं घालायचं? पुष्कळांनी मिळेल तो पत्रा घातला, आणि त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही. पण पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न घरोघरी शांतपणे विचारला जातोय. टिकाऊ काय? दुकानदार एक सांगतो, गवंडी दुसरं सांगतो, मुंबईचा भाऊ फोनवर तिसरंच सांगतो.

मी इतिहासातून या प्रश्नाकडे येतो, याचं कारण असं की ‘टिकाऊ’ या शब्दाचा अर्थच गेल्या दीडशे वर्षांत कोकणात बदलत गेला आहे. तो कसा बदलला हे पाहिलं, तर आजची निवड थोडी सोपी होते.

आधी भिंत. कोकणची भिंत म्हणजे जांभा. 1800 साली फ्रान्सिस बुकानन नावाचा एक स्कॉटिश वैद्य कंपनी सरकारच्या आज्ञेवरून म्हैसूर, कानडा, मलबार हा मुलूख पाहत फिरत होता. मलबारात अंगाडीपुरमजवळ त्याने पाहिलं की लोक जमिनीतून एक तांबडा, सच्छिद्र दगड लोखंडी हत्याराने सहज कापून काढतात, आणि उघड्यावर ठेवल्यावर तोच दगड विटेसारखा कठीण होतो. विटेला लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणतात, म्हणून त्याने या दगडाला ‘लॅटराइट’ नाव दिलं. त्याचं पुस्तक 1807 मध्ये निघालं आणि जगभरच्या भूगर्भशास्त्रात तो शब्द गेला. आपल्या चिरेखाणीवरच्या माणसाला हे नाव ठाऊक नव्हतं, गुण मात्र पक्का ठाऊक होता. खाणीतून काढलेला चिरा लगेच भिंतीत लावायचा नाही, त्याला वारा-ऊन खाऊ द्यायचं. खाणीत फार खाली गेलं की मऊ, पांढुरका थर लागतो, तिथला चिरा घ्यायचा नाही.

जांभा पाणी पितो. हा त्याचा दोष म्हणून सांगितला जातो, पण त्याची दुसरी बाजू अशी की तो प्यालेलं पाणी परत सोडतोही. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात भिंत भिजणारच. प्रश्न असतो ती वाळते की नाही. चुन्याचा गिलावा तिला वाळू देतो. किनाऱ्यावर हा चुना शिंपल्या भाजून होत असे, बैल जुंपलेल्या घाणीत तो मळला जाई. चुन्याच्या बारीक भेगा पाण्यातून पुन्हा बसणाऱ्या चुन्याने पुष्कळदा आपोआप बुजतात. सिमेंटचा कडक गिलावा तसा नसतो. त्यामागे ओल कोंडते, खारं पाणी वाळताना मिठाचे स्फटिक आतच धरतात, आणि काही वर्षांत पोपडा मोठ्या चकतीसारखा सुटतो. रत्नागिरी-मालवणकडच्या कुठल्याही गल्लीत हे बघायला मिळेल.

आणि पावसाळ्यात भिंतीला कपडे घालायचे, हाही प्रकार होता. ज्या अंगाने पावसाची झड येते त्या अंगाला, म्हणजे नैर्ऋत्येला आणि पश्चिमेला, विणलेल्या झावळ्यांचे झाप उभे करायचे. वर्षाला फुकट मिळणारं, कुजलं की माडाच्या आळ्यात टाकायचं. इतकं साधं असल्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात त्याला जागा मिळाली नाही. असो.

पण खरी गोष्ट छपराची आहे. वसईचा किल्ला पाहिलाय ना? 1730 च्या दशकापर्यंत पोर्तुगीजांचं ते उत्तरेकडचं वैभवशाली ठाणं. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ते घेतलं. आज तिथे चर्चच्या भिंती आहेत, कमानी आहेत, दर्शनी भागावरचं कोरीव काम आहे, आणि वर आकाश आहे. घराला कोणी वाली उरला नाही की आधी छप्पर जातं. लाकूड आणि कौल यांना दरवर्षी माणसाचा हात लागतो, दगडाला लागत नाही.

या दरवर्षीच्या हाताला मराठीत एक सुंदर शब्द आहे, शाकारणी. घर शाकारणं म्हणजे पावसाळ्याआधी छपरावरचं गवत किंवा पेंढा बदलणं, आणि पुढे कौलं आली तेव्हा कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून परत बसवणं. साहित्य बदललं तरी शब्द तोच राहिला, कारण काम तेच होतं. मंगलोरी कौल येण्याआधी कोकणात नळीची कौलं होती. कुंभार चाकावर निमुळती नळी घडवायचा आणि ओली असतानाच उभी कापून तिची दोन कौलं करायचा. एक उताणं, त्यावर एक पालथं. कशात काही अडकवलेलं नाही, नुसतं वजनावर बसलेलं. मांजर गेलं तरी सरकायचं. वानरांबद्दल तर बोलायलाच नको. कोकणातल्या छपरांच्या इतिहासात वानरांना एक स्वतंत्र प्रकरण द्यावं लागेल. आज पुष्कळ घरांवर पत्रा आला त्याला वादळाइतकीच वानरंही जबाबदार आहेत.

आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात थिसिअसच्या जहाजाचा प्रश्न शिकवत असू. एकेक फळी बदलत गेली आणि शेवटी सगळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? मुलं तासभर वाद घालत. वैशाखात घर शाकारणाऱ्या माणसाला हा प्रश्नच विचित्र वाटला असता. त्याच्या लेखी दरवर्षी बदलत राहतं तेच घर टिकाऊ. न बदलता राहिलेलं छप्पर म्हणजे ओस पडलेलं घर. टिकाऊपणा हा त्याच्यासाठी वस्तूचा गुण नव्हताच. त्यात घरातली माणसं, वाडीतले शेजारी, जवळचा कुंभार, रानातलं गवत हे सगळं धरलेलं होतं.

मग 1865 येतं. मंगळुरात बासेल मिशन नावाची स्वित्झर्लंडची ख्रिस्ती संस्था 1834 पासून काम करत होती. धर्मांतर केलेल्यांना जातीचा धंदा सुटल्यावर पोट भरायला काही हवं, म्हणून मिशनने विणकाम काढलं आणि कौलांचा कारखाना काढला. गेओर्ग प्लेब्स्ट हे त्यातलं प्रमुख नाव. नेत्रावती नदीकाठची चिकणमाती, साच्यात दाबलेलं सपाट कौल, कडांना खाचा. एकाची खाच दुसऱ्यात बसते, मागच्या बाजूला रिपेवर अडकायला नाक असतं. ही एकमेकांत अडकणारी कौलं युरोपात आधीच निघाली होती. अल्सासमध्ये झिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये तशा कौलाचं पेटंट घेतलं होतं. मंगळुरात तिला पश्चिम किनाऱ्याची माती, पश्चिम किनाऱ्याचा पाऊस आणि समुद्राचा रस्ता मिळाला. माल बोटींतून आणि गलबतांतून बंदरोबंदरी जाई. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला 1998 उजाडलं, हे ध्यानात घ्या. कौल हे कोकणात समुद्रावाटेच यायचं.

आता याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं? 1854 मध्ये मुंबईत पहिली सूतगिरणी उभी करण्यासाठी कंपनी निघाली, पुढच्या दशकांत गिरण्यांची रांग लागली, आणि कोकणातला तरणा माणूस मुंबईला चालू लागला. शाकारणीला लागणारे हात गाव सोडून जात होते. चाकरमानी गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, बाकीचं वर्ष घरात म्हातारी माणसं आणि बायका. अशा घराला दरवर्षी न उतरवावं लागणारं कौल हवंच होतं. मंगलोरी कौल कोकणात घरोघर गेलं त्याचं श्रेय आपण त्याच्या मजबुतीला देतो. माझा तर्क असा की त्या मजबुतीइतकाच वाटा गिरणीच्या भोंग्याचा होता. मनीऑर्डर गावाला यायची, माणूस यायचा नाही. आणि तिथून ‘टिकाऊ’ म्हणजे ‘माणूस नसला तरी चालणारं’ असा नवा अर्थ सुरू झाला. पुढच्या सगळ्या साहित्याने हाच अर्थ ताणत नेला.

पन्हळी पत्र्याचं पेटंट लंडनमध्ये 1829 सालचं, हेन्री पामर या गोदी बांधणाऱ्या इंजिनिअरचं. लोखंडावर जस्त चढवायची कृती फ्रान्सच्या सोरेलची, 1837 ची. जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, हे त्यातलं मर्म. खाऱ्या हवेत हे झिजणं भराभर होतं. पत्रा बहुधा मधोमध गंजत नाही, हुकाच्या भोकापाशी आणि कापलेल्या कडेला गंजतो. तिथला गंज खालून दिसत नाही. मोठं वादळ येतं तेव्हा वारा छपरावरून जाताना ते वर ओढतो. कौलांच्या फटींतून आतला-बाहेरचा दाब थोडा तरी समान होतो. उडालीच तर वळचणीची आणि कोपऱ्यांची कौलं आधी जातात, वाशांचा सांगाडा पुष्कळदा जागेवर राहतो. पत्र्याचा एक हुक सुटला की अख्खा पत्रा जातो, आणि जाताना तो हत्यार होतो. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, हे तर सांगायला नकोच.

आणि स्लॅब. वादळात स्लॅब उडत नाही, हे मान्य केलंच पाहिजे. किनाऱ्यापासून पाचशे पावलांवर घर असेल तर ही मोठी गोष्ट आहे. पण काँक्रीटच्या आतली सळई तिच्या भोवतीच्या अल्कलीमुळे सुरक्षित असते, आणि मिठातलं क्लोराइड नेमकं तेच कवच फोडतं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आतून फुगतो, काँक्रीटला तडा देतो, तड्यातून आणखी खारी हवा शिरते. म्हणून आपल्या देशाच्या 2000 सालच्या काँक्रीट मानकात, आयएस 456 मध्ये, किनारी हवेला उघड्या असलेल्या बांधकामात सळईवर 45 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण सांगितलं आहे, समुद्राचे तुषार उडत असतील तर 50. गावातल्या स्लॅबमध्ये सळई आणि फळी यांच्यामध्ये किती जागा ठेवतात? बऱ्याच ठिकाणी खडीचा एक तुकडा सरकवतात. त्यात खाडीची न धुतलेली वाळू वापरली तर मीठ बाहेरून यायची वाटही बघावी लागत नाही. पंधरा-वीस वर्षांनी छताचा पोपडा पडतो, सळई उघडी दिसते, आणि तोवर दुरुस्तीची वेळ बहुधा गेलेली असते. मग गळतं म्हणून स्लॅबवर पत्र्याची शेड. कोकणात आज घरांवर दोन-दोन छपरं आहेत, हे परदेशी पाहुण्याला समजावून सांगणं कठीण जातं.

कौल फुटलं तर माजघरात थेंब पडतो, त्याच संध्याकाळी कळतं. सळई गंजते तेव्हा काहीच कळत नाही. किनाऱ्यावर साहित्य निवडताना मी आयुष्य किती वर्षांचं हे दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. पहिला प्रश्न, बिघाड वेळेत दिसतो का, आणि दिसला तर दुरुस्त करणारा माणूस तालुक्यात आहे का.

जुन्या घरांची भलावण करायला मी बसलेलो नाही. अरबी समुद्रात मोठी वादळं आपल्या किनाऱ्यावर क्वचितच येत, त्यामुळे आपल्या पूर्वजांनी घर पावसासाठी बांधलं, चक्रीवादळासाठी नाही. नोव्हेंबर 2009 चं ‘फयान’, मग निसर्ग, मग तौक्ते. या वाऱ्यासमोर नुसतं वजनावर बसलेलं छप्पर अपुरं आहे.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: “दापोलीत घर बांधतो आहे, मग करू काय?” थोडक्यात सांगतो. भिंत जांभ्याची, गिलावा करायचाच तर चुन्याचा, आणि चांगला चुन्याचा गवंडी मिळत नसेल तर चिरा उघडाच ठेवा, वळचण मात्र हातभर जास्त पुढे काढा. मग वाऱ्याला ओढायला जागा वाढते, म्हणून वळचणीचे वासे भिंतीवरच्या पट्टीला पोलादी पट्ट्यांनी बांधून घ्या. छपराला उतार भरपूर द्या, साधारण तीस अंश. पसरट छप्पर वारा जास्त ओढतो. मंगलोरी कौलाच्या मागे तार ओवायला एक भोक असतं, आपल्याकडे ते कोणी वापरत नाही. वळचणीच्या, कडेच्या आणि आढ्याजवळच्या दोन-तीन ओळी न गंजणाऱ्या तारेने रिपेला बांधा, सगळं छप्पर बांधायची गरज नाही. एक खोली मात्र स्लॅबची करा, वादळात जाऊन बसायला, आणि तिच्या सळईवरचं आवरण स्वतः पट्टी लावून मोजा. आणि कौलं घ्याल तेव्हा शे-दोनशे जास्तीची घेऊन मागच्या पडवीत रचून ठेवा. कारखान्याकारखान्याच्या साच्यात फरक असतो, एकाची खाच दुसऱ्यात बसत नाही, आणि दहा वर्षांनी तोच साचा चालू असेल याची खात्री कोणी देत नाही.