इनामगावची खानेसुमारी

गावाचा भूगोल आणि लोकसंख्या हा विषय एरवी शाळेच्या वहीत चार ओळींत आटोपतो. गाव कोणत्या नदीच्या कोणत्या काठी, जमीन कसली, उंबरे किती, माणसे किती. एवढे लिहिले की मुलगा मोकळा होतो. या चार ओळींच्या पोटात गावाचे सारे आयुष्य कसे सामावलेले असते, ते आज एका खेड्याच्या आधाराने आम्हांला सांगावयाचे आहे. शिरूर तालुक्यातील इनामगाव हे ते खेडे. मात्र आम्ही बोलणार आहोत ते तेथील जुन्या वस्तीविषयी. ही वस्ती पांढरीच्या टेकाडांखाली सुमारे सत्तावीसशे वर्षे गाडलेली होती.

प्रथम भूगोल पाहू. घोड नदी सह्याद्रीत उगम पावते आणि शिरूरवरून वाहत येऊन दौंडच्या वरच्या अंगाला भीमेस मिळते. इनामगाव तिच्या उजव्या काठी, पुण्याच्या पूर्वेस सुमारे ९० किलोमीटरांवर आहे. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस येथे पोचेपर्यंत थकून जातो. वर्षाकाठी ५०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, आणि तोही लहरी. दौंडकरांना हे सांगावयास नको. आकाशाने हात आखडलेल्या या प्रदेशात माणूस नदीच्या आश्रयाने राहिला, हे ओघानेच आले.

डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ पासून पुढे बारा हंगाम येथे उत्खनन केले. डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. त्यांनी सव्वाशेहून अधिक घरे उजेडात आणली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे हे गाव नांदले. त्यातील मधला, म्हणजे इ. स. पूर्व १४०० ते १००० चा काळ भरभराटीचा. या काळाच्या संस्कृतीला संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून जोर्वे संस्कृती असे नाव पडले आहे. दौंड तालुक्यात वाळकी येथेही याच लोकांची एक छोटी शेतवस्ती होती.

त्या काळचे इनामगाव कसे होते? कुडाच्या भिंतींची चौकोनी घरे ओळीने उभी, मधून बोळ. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर, आणि त्याला लागून धान्याचे कोठार. कुंभार, सोनार, चुना भाजणारे, हस्तिदंताचे काम करणारे असे कारागीर पश्चिमेच्या कडेला. पुढच्या काळच्या गावगाड्याची आठवण व्हावी, अशी ही मांडणी आहे. शेतात सातू, गहू, वाटाणा, मसूर, तीळ. गोठ्यात गाईगुरे, शेळ्यामेंढ्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नदीच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी दगडमातीचा बांध व त्याला जोडून पाट. हा पाट सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल होता. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. सारा गाव एका शब्दाखाली राबल्याशिवाय असा पाट होत नाही. आणि तो शब्द बहुधा त्या पाच खोल्यांच्या घरातून निघत असावा. त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेला, चाळिशीच्या सुमाराचा एक पुरुष पुरलेला सापडला. इतर प्रौढांना पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडीत असत. याचे पाय मात्र शाबूत होते.

आता खानेसुमारी. ज्या गावाला लिपीच ठाऊक नव्हती, त्याची माणसे मोजावयाची कशी? घरे मोजून, घरांची जमीन मापून अंदाज बांधता येतो. पण इनामगावची खरी नोंदवही जमिनीखाली आहे. येथे दोनशेहून अधिक दफने मिळाली, आणि त्यांतील बहुसंख्य लहान मुलांची आहेत. तान्हे मूल गेले की त्याला दोन मडक्यांत ठेवीत, मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. ज्या जमिनीवर आई रोज वावरे, तिच्याच खाली तिचे मूल असे. या खानेसुमारीत जगलेल्यांहून गेलेल्यांची नोंद अधिक पक्की आहे.

इ. स. पूर्व १००० नंतर चित्र पालटते. चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात, गव्हाचे पीक घटते, भांडी ओबडधोबड होतात, शिकारीवर व गुराढोरांवर भिस्त वाढते. आणि ७०० च्या सुमारास गाव उठून जाते. ढवळीकरांचे म्हणणे असे की पाऊसमान घटले आणि त्याने शेती मोडली. हे उत्खनन चालू असतानाच महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला होता. तेव्हा हे मत ऐकणाऱ्यांना ते लगेच पटले असल्यास नवल नाही. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या विदुषीने इनामगाव, नेवासे व दायमाबाद येथील बालकांच्या अस्थी तपासल्या आणि २०११ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. हवामान अचानक बिघडले, हे त्यांना मान्य नाही. हा प्रदेश आधीपासूनच कोरडा होता. त्यात जमिनीवर ताण पडत गेला असे त्यांचे मत. उत्तरकाळात जन्म वाढले, पण मुलांची वाढ खुंटली, असे त्या अस्थींवरून त्यांना दिसले.

दोन मतांतील वाद विद्वान मिटवतील. आम्हांला त्यांतून एक गोष्ट घ्यावयाची आहे. गाव उठण्यापूर्वी कितीतरी पिढ्या त्याची पडझड मुलांच्या हाडांत उमटत होती, आणि डोकी मोजणाऱ्याला ती दिसली नसती. कारण जन्म वाढतच होते. माणसांचा नुसता आकडा गावाचे आरोग्य सांगत नाही. त्या आकड्यातील मुले पोटभर खाऊन वाढतात की नाही, हे पाहावे लागते.

आज घोडवर चिंचणीला धरण आहे, भीमेच्या काठी उसाचे मळे आहेत, आणि कालव्यापासून लांबच्या वाडीला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. भूगोल पुष्कळसा तोच आहे. पाट मात्र मोठे झाले. म्हणून आपल्या गावाची खानेसुमारी हाती येईल तेव्हा एकूण बेरजेवर थांबू नये. पाटाचे पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचते काय, आणि त्या घरातले मूल वयाप्रमाणे वाढते काय, एवढे दोन रकाने तिला जोडावेत. इनामगावच्या लोकांना ते लिहिता आले नाहीत, आपल्याला येतात.