तगर कोठें होतें?

प्रवासवर्णनाला नकाशा जोडला म्हणजे वाचकाचा निम्मा संशय फिटतो, अशी आपली समजूत असते. हल्लींच्या चित्रमय प्रवासकथांत लेखक आपला मार्ग स्वतः रेखाटून देतो, आणि आपण त्या रेघेवर निमूटपणें विश्वास ठेवतों. धाराशिव जिल्ह्यांतील तेर या गांवाची हकीकत या बाबतींत मोठी बोधक आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें ‘पेरिप्लस’ नांवाचें सागरमार्गांचें टिपण लिहिलें. त्यांत नकाशा नाहीं. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हें फार मोठें नगर. तेथील जाडेंभरडें कापड व मलमल गाड्यांतून, वाट नसलेल्या मुलुखांतून, भडोचेस येई, एवढेंच तो सांगतो. दुसऱ्या शतकांत टॉलेमीनें स्थळांचे अक्षांश-रेखांश मांडले. गणित भारदस्त खरें. पण त्या आंकड्यांवरून नकाशा काढला कीं हिंदुस्थानचें द्वीपकल्प चपटें होतें आणि तगर पैठणच्या ईशान्येस जाऊन बसतें!

पुढें पंडितांचा शोध सुरू झाला. विल्फर्डला तगर देवगिरीस दिसलें, भगवानलाल इंद्रजींना जुन्नरास, डॉ. भांडारकरांसारख्या साक्षेपी विद्वानास धारूर संभवनीय वाटलें. अखेर १९०१ सालीं फ्लीट यांनीं तेरकडे बोट दाखविलें. ‘तगर’मधील ग प्राकृताच्या वळणानें गळून ‘तयर’ आणि त्याचें ‘तेर’ झालें, हें त्यांचें म्हणणें मराठी कानाला सहज पटतें. शिवाय अंतर पाहावें. भडोच ते पैठण सरळ रेषेनें सुमारें २२० मैल, पैठण ते तेर सुमारें ९५. म्हणजे रोजची मजल अनुक्रमें अकरा आणि साडेनऊ मैलांची पडते. लादलेल्या बैलगाडीची चाल याहून निराळी ती काय असणार? दिशा मात्र व्यापाऱ्याचीही थोडी चुकलीच: तेर पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. त्यानें मुक्काम मोजले होते, सूर्य पाहिला नव्हता, असें म्हणावें लागतें.

तेरच्या पांढरींत सांपडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें, इ. स. ७९ मध्यें राखेंत गाडल्या गेलेल्या पाँपेईंत १९३८ सालीं मिळालेल्या मूर्तीशीं विलक्षण साम्य आहे. गोरोबाकाकांच्या दर्शनास तेरला जाणाऱ्यानें ती मूर्ति गांवच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयांत अवश्य पाहावी.