हिमबिबट्याचे संरक्षण
हिमबिबट्याचे संरक्षण : मध्य व दक्षिण आशियातील उंच पर्वतप्रदेशांत राहणाऱ्या हिमबिबट्या या विरळ वन्य मार्जाराचा ऱ्हास थांबविण्यासाठी मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेले प्रयत्न. हा प्राणी स्तनी वर्गाच्या मांसाहारी गणातील मार्जार कुलात मोडतो. त्याचे शास्त्रीय नाव पँथेरा अन्सिया असे आहे. जर्मन निसर्गवैज्ञानिक श्रेबर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे दीर्घकाळ त्याची अन्सिया या स्वतंत्र प्रजातीत गणना होत असे. तथापि आनुवंशिकीय अभ्यासावरून तो वाघाचा निकटचा आप्त ठरल्याने त्याचा समावेश पँथेरा प्रजातीत करण्यात आला. लडाखमध्ये त्यास ‘शान’ म्हणतात.

अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, नेपाळ, भूतान, चीन, मंगोलिया, रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान व उझबेकिस्तान या बारा देशांत तो आढळतो. हिमालयात त्याचा वावर सामान्यतः ३,००० मी.हून अधिक उंचीवर असतो. धुरकट करड्या रंगाची दाट लव, रुंद पंजे आणि शरीराच्या मानाने फार लांब व झुबकेदार शेपटी यांमुळे थंडीत व कड्याकपाऱ्यांत तो सहज वावरतो. भरल, आयबेक्स इ. रानटी शेळ्यामेंढ्या हे त्याचे मुख्य भक्ष्य होय. तो वाघासिंहांप्रमाणे डरकाळी फोडीत नाही.

इतिहास : कातड्यासाठी या प्राण्याची दीर्घकाळ शिकार होत आली. त्याच्या जीवनक्रमाविषयी मात्र १९७० पर्यंत फारच थोडी माहिती होती. त्या वर्षी जॉर्ज शॅलर यांनी पाकिस्तानातील चित्राळ भागात नैसर्गिक अधिवासातील हिमबिबट्याची छायाचित्रे घेतली व ती १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यास पहिल्या अनुसूचीत स्थान देण्यात आले. १९७५ मध्ये अंमलात आलेल्या, संकटग्रस्त जातींच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारानेही त्याच्या व्यापारास बंदी केली. १९८१ मध्ये लडाखमध्ये हेमिस राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. रॉडनी जॅक्सन यांनी १९८२ पासून पश्चिम नेपाळात रेडिओ-पट्टे बांधून या प्राण्याच्या संचाराचा अभ्यास केला. दार्जिलिंग येथील प्राणिसंग्रहालयात १९८३ मध्ये त्याच्या प्रजननाचा कार्यक्रम सुरू झाला.

१९९१ मध्ये सोव्हिएट संघाचे विघटन झाल्यावर किर्गिझस्तान व ताजिकिस्तान येथील संरक्षणव्यवस्था खिळखिळी झाली व दारिद्र्यामुळे चोरट्या शिकारीस ऊत आला. २००८ नंतरच्या काळात दरवर्षी २२१ ते ४५० हिमबिबटे मारले गेले असावेत, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात करण्यात आला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्राणी पाळीव जनावरे मारल्याचा सूड म्हणून मारले गेले होते.

पशुपालक व संरक्षण : या संघर्षाचे मूळ उच्च प्रदेशांतील जीवनपद्धतीत आहे. तेथे शेती अल्प असून शेळ्या, मेंढ्या व याक हेच कुटुंबाचे मुख्य भांडवल असते. गुरांची संख्या वाढल्याने रानटी भक्ष्याचा चारा कमी होतो. भक्ष्य घटल्यावर हिमबिबट्या गुरांकडे वळतो. कमकुवत गोठ्यात शिरल्यास एका रात्रीत तो अनेक जनावरे मारतो. स्पिती खोऱ्यातील किब्बर परिसरात १९९० नंतरच्या दशकात केलेल्या पाहणीनुसार अशा हल्ल्यांमुळे एका कुटुंबास होणारे वार्षिक नुकसान दरडोई वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ निम्मे होते. संरक्षणाचा लाभ साऱ्या जगाला, पण त्याची किंमत मात्र मूठभर गरीब कुटुंबांना, अशी ही विषम स्थिती होती. केवळ बंदीच्या कायद्याने ती बदलणे शक्य नव्हते.

म्हणून नंतरच्या योजनांत ग्रामस्थांचा सहभाग घेण्यात आला. किब्बर येथे गावाने आपल्या कुरणाचा काही भाग रानटी प्राण्यांसाठी चराईमुक्त ठेवला व पुढे गुरांच्या विम्याची योजना स्वीकारली. बाल्टिस्तानात १९९९ मध्ये अशीच विमा योजना सुरू झाली. मंगोलियात पशुपालक कुटुंबांच्या लोकरी वस्तूंना बाजारपेठ मिळवून देऊन, परिसरात शिकार न झाल्यास अधिक मोबदला देण्याची पद्धत १९९८ मध्ये रूढ करण्यात आली. लडाखमध्ये गोठ्यांवर जाळ्या बसविण्यात आल्या व पर्यटकांची गावकऱ्यांच्या घरी राहण्याची सोय झाल्याने हिमबिबट्या उत्पन्नाचेही साधन बनला.

भारत सरकारने २००९ मध्ये हिमबिबट्या प्रकल्प सुरू केला. त्यात राखीव क्षेत्रांबाहेरील प्रदेशाचाही विचार करण्यात आला; कारण या प्राण्याचा संचार अशा क्षेत्रांच्या सीमांत मावत नाही. २०१३ मध्ये बारा देशांनी बिश्केक येथे संयुक्त संरक्षणाची घोषणा केली. भारतात २०१९–२३ या काळात झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेत ७१८ हिमबिबटे असल्याचे अनुमान करण्यात आले : लडाख ४७७, उत्तराखंड १२४, हिमाचल प्रदेश ५१, अरुणाचल प्रदेश ३६, सिक्कीम २१ व जम्मू-काश्मीर ९.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०१७ मध्ये या जातीचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’ असा बदलला. हा निर्णय वादग्रस्त ठरला. कारण अधिवासाच्या फार मोठ्या भागात प्रत्यक्ष गणना झालेली नव्हती. खाणी, रस्ते, मोकाट कुत्री आणि तापमानवाढीमुळे वर सरकणारी वृक्षरेषा ही नवी संकटे असून त्यांवर शिकारबंदीचा उपाय लागू पडत नाही. त्यामुळे या प्राण्याचे भवितव्य पर्वतीय कुरणे व त्यांवर जगणारे पशुपालक यांच्या स्थितीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.