आधी कागद, मग चित्र

कलेच्या इतिहासात कोलाजची जन्मनोंद 1912 सालची आहे. त्या वर्षी पिकासोने वेताच्या खुर्चीची जाळी छापलेलं मेणकापड आपल्या चित्रावर चिकटवलं. त्याचा सहकारी चित्रकार ब्राकने फ्रान्समधल्या आव्हिन्योंच्या दुकानातून लाकडाच्या रेषा छापलेला वॉलपेपर आणला आणि त्याचे तुकडे रेखाटनात बसवले. दोघांचा माल बाजारातला, यंत्रावर छापलेला. कागदावर आधी स्वतःच्या हाताने नक्षी उठवायची आणि मग तो कापून, फाडून जुळवायचा, या रीतीचं घराणं मात्र वेगळं आहे आणि कितीतरी जुनं आहे.

त्याचा एक भरभक्कम पुरावा जपानात आहे. क्योतोच्या निशी होंगानजी मंदिराच्या संग्रहात छत्तीस कवींच्या कवितांची हस्तलिखितं होती. ती 1112 च्या सुमारास तयार झाली. त्यांची कित्येक पानं म्हणजे अस्सल कोलाज आहेत. काही कागदांवर कोरीव लाकडी ठशांनी अभ्रकाची चकाकती नक्षी छापलेली, तर काहींवर पाण्यावर तरंगणाऱ्या शाईची वलयं टिपलेली. या पद्धतीला तिथे ‘सुमिनागाशी’ म्हणतात. असे कागद कुठे सरळ कापून, कुठे मुद्दाम फाडून एकमेकांना जोडले आणि त्यावर कविता लिहिल्या. छापील कागदाचं हे कोलाज चित्र म्हणून मिरवत नव्हतं. ते अक्षरांसाठी अंथरलेली बैठक होतं.

दुसरी शाखा आपल्या दख्खनची. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, आदिलशाहीतल्या विजापूरशी ज्यांचं नाव जोडलं जातं अशी अबरी चित्रं तयार झाली. दाटसर, चिकट पाण्यावर रंग सोडायचे, ते हलवून लाटा उठवायच्या आणि वर अलगद कागद टेकवायचा. नक्षी कागदावर उतरते. तुर्कस्तान-इराणकडे ही कला पुस्तकांच्या सजावटीत रमली होती. इथल्या चित्रकारांनी कागदाचा काही भाग झाकून फक्त हव्या त्या आकारात रंग उतरवले. हाडं दिसणारा मरतुकडा घोडा आणि त्यावरचा स्वार, असं या शैलीतलं एक चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. लाट कशी उठेल हे पाण्याच्या मनावर, घोडा कुठे संपेल हे चित्रकाराच्या मनावर. ठशांच्या कागदांतून चित्र जुळवणाराही योगायोग आणि निवड यांचा असाच मेळ घालत असतो.

युरोपातल्या पुस्तकबांधणीवाल्यांनी या घराण्यात खळीच्या कागदाची भर घातली. पिठाच्या खळीत रंग मिसळून कागदावर फासायचा आणि ओला असतानाच त्यावर कंगवा, बोटं किंवा कोरीव लाकूड फिरवायचं. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरावियन पंथाच्या स्त्रिया अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात असे कागद बनवत. ते पुस्तकांच्या वेष्टनांवर जात. पुढे यंत्रावर छापलेला स्वस्त कागद आला आणि हा धंदा आटला.

विसाव्या शतकात या रीतीला नवं घर मिळालं, ते मुलांच्या चित्रपुस्तकांत. त्याआधी चित्रकार मातीसने वाट मोकळी केली होती. 1941 च्या शस्त्रक्रियेनंतर त्याला उभं राहून रंगवणं जड जाऊ लागलं. सहायक पांढऱ्या कागदांवर गुआश रंग चढवून ठेवत आणि तो थेट कात्रीने आकार कापी. त्याचं ‘जाझ’ हे पुस्तक 1947 मध्ये निघालं.

एझ्रा जॅक कीट्स या ब्रुकलिनच्या चित्रकाराचं ‘द स्नोई डे’ 1962 चं. त्यात त्याने खोडरबर कोरून बर्फाच्या कणांचे ठसे केले, दात घासायच्या ब्रशने शाईचे तुषार उडवले आणि ओल्या शाईवर पांढरा रंग लाटून बर्फाचा पोत मिळवला. 1963 मध्ये या पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक मिळालं. त्याच वर्षी आलेल्या ‘स्विमी’त लिओ लिओनीने समुद्रतळ उभा केला तो ठसे आणि छापे घेऊन.

मुलांच्या पुस्तकांचा चित्रकार एरिक कार्लने तर कागद करणं आणि चित्र करणं ही दोन स्वतंत्र कामंच मानली. पातळ टिश्यू कागदावर तो ब्रश, बोटं, स्पंज, गालिच्याचा तुकडा, जे हाती येईल त्याने रंग फिरवी. वाळलेले कागद रंगवार खणांत ठेवी. कशाचं काय होणार हे तेव्हा ठरलेलं नसे. नंतर कधीतरी खणातला हिरवा निघे आणि त्याची अळी होई. 1969 चं त्याचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ जगभर पोचलं.

आपल्या शाळांत भेंडीचे ठसे एका तासाला आणि चिकटकाम दुसऱ्या तासाला होतं. ठशांची पानं वहीत पडून राहतात आणि चिकटकामाला दुकानातून घोटीव कागद येतो. हे दोन तास जोडायला खर्च शून्य आहे. आधी काहीही न ठरवता पंधरावीस कागद छापा: भेंडी, कांद्याची चकती, पिंपळाचं पान, जुना कंगवा. चांगले वाळू द्या. मग कात्री घ्या आणि त्या कागदांत कोणता मासा, कोणता डोंगर दडलाय ते मुलांनाच शोधू द्या.