सेकंडहँड कॉम्प्रेसर अनलोड होत नाही? मोटर उघडण्याआधी हे तपासा

मी दिवसभर कोडमधले बग शोधतो. पण मागच्या दिवाळीत गावी गेलो, तर मामाने वेगळाच बग समोर ठेवला. गॅरेजसाठी त्याने जुना कॉम्प्रेसर घेतला होता. टाकी रिकामी असली की मशीन झकास सुरू व्हायचं. पण एकदा हवा भरून थांबलं की पुढच्या वेळी मोटर नुसती 'हूंऽऽ' करायची आणि एमसीबी पडायचा. वायरमन म्हणाला, "मोटर गेली, रिवाइंडिंग करा." मामा पैसे काढायच्या बेतात होता. मी म्हटलं, "मामा, मला एक तास दे."

मोटर ठणठणीत होती. मशीन अनलोड होत नव्हतं, एवढंच.

अनलोड होणं म्हणजे काय?

पंपाच्या हेडमधून हवा जाड पाइपने टाकीत जाते. टाकीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. तो हवा आत सोडतो, परत येऊ देत नाही. टाकी भरली, समजा 8 बारला, की प्रेशर स्विच मोटर बंद करतो. त्याच वेळी स्विचमधली पट्टी अनलोडर व्हॉल्व्हची छोटी पिन दाबते आणि हेड व पाइपमध्ये अडकलेली हवा बारीक नळीतून बाहेर पडते. मोटर थांबल्यावर येणारा 'फुस्स' आवाज तो हाच.

ही हवा बाहेर पडली नाही, तर पुढच्या वेळी पिस्टनला पहिल्याच फेरीत दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. सिंगल फेज मोटरला ते झेपत नाही. ती जागेवर अडकते, जास्त करंट ओढते आणि तापते. असं वारंवार झालं तर चांगली मोटरही खरंच जळते.

आधी सवय तपासा

मामा मशीन भिंतीवरच्या बोर्डावरून बंद करायचा. इथे गंमत आहे. बोर्डावरून बंद केलं तर प्रेशर स्विचची पट्टी हलतच नाही, म्हणून अनलोडर उघडत नाही. मशीन चालू असताना लाईट गेली तरी तेच होतं. म्हणून बंद करताना आधी प्रेशर स्विचचाच नॉब ऑफ करा. लाईट गेली तरी लगेच नॉब ऑफ करा.

आवाज ऐका

टाकी पूर्ण भरू द्या आणि मशीन आपोआप थांबतं तो क्षण मोबाईलवर रेकॉर्ड करा. गॅरेजच्या गोंगाटात निसटलेला आवाज नंतर हेडफोनवर ऐकू येतो.

- थोडा वेळ 'फुस्स', मग शांत: अनलोडर ठीक आहे. तरीही मोटर अडकत असेल तर कपॅसिटर, व्होल्टेज किंवा जाम झालेला पंप बघा.
- 'सूंऽऽ' थांबतच नाही, टाकीचा काटा उतरतो: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. टाकीतली हवा उलटी येतेय.
- मोटर चालू असतानाही स्विचखालून हवा येते: अनलोडर नीट बंद होत नाही.
- काहीच आवाज नाही: अनलोडर उघडत नाही किंवा नळी तुंबली आहे. आमची केस हीच.

आवाजच येत नसेल तर

1. नॉब ऑफ करा, प्लग काढा, डोळ्यांना गॉगल लावा. हेड तापलेलं असतं, त्याला हात लावू नका.
2. बारीक नळीचा नट स्विचच्या बाजूने अगदी हळू, अर्धा-पाऊण आटा सैल करा. चेहरा बाजूला ठेवा.
3. थोडी हवा येऊन थांबली, तर नळी मोकळी आहे आणि दोष अनलोडरमध्ये किंवा स्विचच्या पट्टीत आहे. हवा येतच राहिली, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही गेलाय. काहीच आलं नाही, तर नळी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त.
4. नट घट्ट करा. ड्रेन कॉकमधून टाकीचं प्रेशर कमी करा, मग प्लग लावून मशीन सुरू करा. हेड मोकळं झाल्यावर मोटर झटकन फिरली, तर मोटर निर्दोष!

आमच्याकडे तिसऱ्या पायरीला हवा येऊन थांबली, चौथ्या पायरीला मोटर एका झटक्यात फिरली. पुन्हा प्लग काढून, टाकी पूर्ण रिकामी करून स्विचचं झाकण उघडलं. उघडण्याआधी वायरिंगचा फोटो काढला. अनलोडरची पिन जुन्या तेलाच्या चिकट्याने आणि गंजाने अडकली होती. साफ केली, पण ती पुन्हा अडखळायला लागली, म्हणून शेवटी नवा अनलोडर व्हॉल्व्ह बसवला. रिवाइंडिंगच्या मानाने खर्च किरकोळ.

हे अजिबात करू नका

- टाकीत हवा असताना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खोलू नका. काटा शून्यावर दिसला तरी ड्रेन कॉक उघडाच ठेवा. जुन्या मशीनचा काटा खोटं बोलू शकतो.
- सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून बुजवू नका. गळत असेल तर बदला.
- ड्रेनमधून गंजाचं पाणी खूप येत असेल किंवा टाकीला वेल्डिंगचं ठिगळ असेल, तर मशीन वापरू नका. आधी टाकीची हायड्रो टेस्ट करून घ्या. मोटर जळली तर पैसे जातात, टाकी फुटली तर माणूस जातो.

आता मामा मशीन थांबलं की हातातलं काम सोडून आधी 'फुस्स' ऐकतो. जुना कॉम्प्रेसर घ्यायला जाल तेव्हा तुम्हीही तेच करा: टाकी भरून थांबू द्या, 'फुस्स' ऐका आणि भरलेल्या टाकीवर मशीन पुन्हा सुरू होताना बघा. मगच पैसे द्या.