बडवायचं एक, वाजणार दुसरंच!

घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करायची हौस असलेल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक ड्रम किट कुठला घ्यावा? मग लगेच आकडे सुरू होतात.. याच्यात दोनशे आवाज, त्याच्यात चारशे. माझं म्हणणं, आकडे जरा बाजूला ठेवू आणि आधी थोडा इतिहास बघू. पैसे कशावर घालायचे ते तिथेच कळतं.

साध्या ड्रममध्ये जिथे स्टिक पडते तिथूनच आवाज येतो. इलेक्ट्रॉनिक ड्रमने ही जोडी फोडली. 'मूडी ब्ल्यूज'चा ड्रमर ग्रॅम एज याने ससेक्स विद्यापीठातल्या ब्रायन ग्रोव्ह्ज यांच्यासोबत असा एक संच बनवला आणि १९७१ च्या अल्बममध्ये वाजवलासुद्धा. पण खरा धुमाकूळ घातला तो १९८१ च्या सिमन्स एसडीएस-५ ने. ऐंशीच्या दशकातले इंग्रजी म्युझिक व्हिडिओ पाहिले असतील तर ते षटकोनी पॅड आठवतीलच! आवाज एकदम भविष्यातला, पण पॅड पॉलीकार्बोनेटचे. दंगलीत पोलिसांच्या हातात ज्या ढाली असतात ना, तेच मटेरियल. त्यावर तासन्‌तास बडवून ड्रमर लोकांची मनगटं दुखायला लागली. पुढे पॅडवर रबर आलं.

१९८३ मध्ये मिडी आलं आणि जोडी पूर्णच फुटली. स्टिक पडली की पॅडखालचा पिएझो सेन्सर छोटासा व्होल्टेज देतो. त्यावरून दोन आकडे निघतात: कुठला पॅड, आणि किती जोरात (जास्तीत जास्त १२७). बस्स. आवाज कुठला काढायचा हे समोरचं यंत्र ठरवणार.

१९८५ चा रोलँडचा ऑक्टापॅड, पॅड-८, हा याचा कळस. आठ पॅड, आणि स्वतःचा आवाज शून्य! नुसते आकडे पाठवायचे. नंतरच्या मॉडेल्समध्ये आवाजही आत आले. आपल्याकडे तर त्याचा 'ऑक्टोपॅड' झाला आणि ऑर्केस्ट्रात असा काही रुळला की विचारू नका. एकच माणूस ढोलकी, डफ, ताशा सगळं काढतो. त्यात काही वादकांच्या पोटावर पाय आला, हेही खरंच.

हाताचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. रबरावरून स्टिक चामड्यासारखी उसळत नाही. १९९७ मध्ये रोलँडने टीडी-१० हा व्ही-ड्रम्सचा संच आणला. त्याच्या पॅडवर रेमो या कंपनीसोबत बनवलेली ताणलेली जाळी होती. स्टिक उसळते आणि आवाजही होत नाही. किंमत अर्थातच आपल्यासारख्यांनी नुसती बघायची. पुढची वीसेक वर्षं गेली आणि अलेसिस नायट्रो मेशसारखे जाळीवाले किट अमेरिकेत चारशे डॉलरच्या आत मिळू लागले.

तर मंडळी, निष्कर्ष काय? रेकॉर्डिंगच करायचं असेल तर किटमधले चारशे आवाज विसरा. यूएसबीवरून मिडी बाहेर येतंय ना, एवढं बघा. आवाज कॉम्प्युटरमधून काढता येतात. 'हायड्रोजन'सारखं सॉफ्टवेअर तर फुकट आहे. आवाज नंतर कधीही बदलता येईल, पॅड मात्र बदलायला महाग पडतात. म्हणून पैसे पॅडवर घाला. निदान स्नेअरला जाळी हवी. हाय-हॅटचा पेडल अर्धवट दाबून बघा, अर्धा उघडा आवाज नीट येतो का ते. आणि हळू वाजवलेले ठोके पकडले जातात का हे दुकानातच तपासा, कारण स्वस्त किट तिथेच मार खातात.

आणि हो, फ्लॅटमध्ये राहत असाल तर किकखाली जाड रबराची मॅट घालाच. पॅड मुके असले तरी पायाचा दणका स्लॅबमधून थेट खाली जातो. तुमच्या कानात हेडफोन असतो, खालच्या काकूंच्या कानात नाही!