शोध-क्लस्टरमधले सेगमेंट: किती जोडावेत आणि कुठे थांबावे



आपल्यातली बरीच मंडळी संगणकाच्या व्यवसायात आहेत आणि त्यांतल्या अनेकांकडे कधी ना कधी शोध-क्लस्टर सांभाळण्याचे काम येते. 'सर्च हळू झाला आहे' असा फोन बहुधा शनिवारी, कार्यक्रमाला निघायच्या वेळीच येतो. अशा वेळी उपयोगी पडेल म्हणून इंडेक्सच्या सेगमेंटची माहिती येथे एकत्र देत आहोत. ज्यांचा व्यवसाय वेगळा आहे त्यांनी मधली हत्तीची गोष्ट तरी जरूर वाचावी. तिचा आपल्या मराठी पुस्तकांशीही संबंध आहे.

इलॅस्टिकसर्च, सोलर आणि २०२१ मध्ये इलॅस्टिकसर्चपासून वेगळे झालेले ओपनसर्च या तिन्हींच्या पोटात ल्युसीन हीच एक लायब्ररी आहे. डग कटिंग यांनी ती लिहिली. ल्युसीन हे त्यांच्या पत्नीचे मधले नाव.

ल्युसीनचा इंडेक्स म्हणजे एक मोठी फाइल नव्हे. आपल्याकडच्या जुन्या पेढीवर दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहीत आणि मग सवडीने खतावणीत नावानिशी चढवत. इथेही काहीसे तसेच चालते. नवी कागदपत्रे आली की त्यांचा एक छोटा तुकडा, म्हणजे सेगमेंट, तयार होतो. इलॅस्टिकसर्चमध्ये मुळातली सेटिंग ठेवली आणि सतत माहिती येत असली तर दर सेकंदाला असा तुकडा पडू शकतो. एकदा लिहिलेला सेगमेंट पुन्हा बदलत नाही. एखादी नोंद काढली तर तिच्यावर फक्त 'रद्द' अशी खूण होते, आणि नोंद बदलली तर जुनीवर खूण होऊन नवी दुसऱ्या सेगमेंटमध्ये जाते. रद्द नोंदी डिस्कवर जागा अडवून बसलेल्याच असतात.

प्रत्येक शोधाला शार्डमधले सगळे सेगमेंट चाळावे लागतात. म्हणून पार्श्वभूमीवर ल्युसीन छोटे सेगमेंट जोडून मोठा करत असते आणि त्याच वेळी रद्द नोंदी गाळते. हेच मर्ज. (हिंदीत मर्ज म्हणजे आजार, हा विनोद आमच्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी केला आहे.) किती आणि कोणते तुकडे जोडायचे हे टायर्ड मर्ज पॉलिसी ठरवते. साधारण सारख्या आकाराचे दहाएक तुकडे साठले की ती त्यांना एकत्र करते, आणि ५ जीबीपेक्षा मोठा तुकडा आपणहून बनवत नाही.

आता हत्तीची गोष्ट. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी २००८ मध्ये हाथीट्रस्ट नावाचे डिजिटल ग्रंथालय सुरू केले. त्याचे काम अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठातून चालते. हत्तीची स्मरणशक्ती दांडगी, म्हणून हिंदीतला हाथी. पीएल ४८० या १९५४ च्या कायद्याखाली धान्याच्या मोबदल्यात जमलेल्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांमधली पुस्तके अमेरिकेच्या ग्रंथालयांत येऊ लागली. त्यांत मराठीही होती. त्यामुळे हाथीट्रस्टमध्ये देवनागरीत शोध घेतला तर मराठी पुस्तके सापडतात. पुस्तक कॉपीराइटखाली असेल तर आतला मजकूर दिसत नाही, पण शब्द कोणत्या पानांवर आहे ते समजते. घरातल्या कुणी वडीलधाऱ्यांनी कधीकाळी पुस्तक लिहिले असेल तर हा खटाटोप एकदा करून पाहावा.

संपूर्ण मजकुरातला हा शोध २००९ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. त्यासाठी सोलरवर दहा शार्ड केले होते. २०१० च्या सुरुवातीला तिथल्या मंडळींनी प्रत्येक शार्ड मर्ज करून एकाच सेगमेंटवर आणला. पाठ्यपुस्तकाप्रमाणे हेच सर्वांत वेगवान. पण त्यानंतर काही शोधांवर एरर येऊ लागल्या. शोधाशोध केल्यावर कळले की ल्युसीनच्या त्या वेळच्या रचनेत एका सेगमेंटमध्ये सुमारे २१४ कोटी वेगवेगळे शब्दच मावत होते आणि बहुतेक शार्डांनी ही मर्यादा ओलांडली होती. तुकडे वेगळे होते तोवर हे कुणाला जाणवले नव्हते.

इतके शब्द आले कुठून? एक म्हणजे शेकडो भाषांची पुस्तके. दुसरे म्हणजे स्कॅन केलेल्या पानांवरून यंत्राने चुकीची वाचलेली अक्षरे. नेहमीचे शब्द मर्ज होताना एकावर एक बसतात, त्यामुळे त्यांची संख्या फारशी वाढत नाही. चुकीचे वाचलेले शब्द मात्र प्रत्येक पुस्तकाचे निराळे असतात आणि ते साठतच जातात. ल्युसीनवर काम करणारे मायकेल मॅकँडलेस यांनी दुरुस्ती करून ही मर्यादा सुमारे २७,४०० कोटींपर्यंत नेली.

या जबरदस्तीच्या मर्जला तेव्हा 'ऑप्टिमाइझ' म्हणत. असे नाव पाहिले की कुणालाही ते बटण दाबावेसे वाटणारच! म्हणून २०११ मध्ये ल्युसीनने ते बदलून 'फोर्स मर्ज' केले आणि इलॅस्टिकसर्चनेही पुढे तेच नाव घेतले. आमच्या मते नावातला हा बदल म्हणजे अर्धे डॉक्युमेंटेशनच होय.

ज्या इंडेक्समध्ये अजून लिखाण चालू आहे त्यावर फोर्स मर्ज करू नये. त्यातून ५ जीबीपेक्षा बराच मोठा सेगमेंट तयार झाला की नेहमीची पॉलिसी त्याला सहसा हात लावत नाही. मग त्यातल्या रद्द नोंदी तशाच साठत राहतात. २०१८ च्या ल्युसीन ७.५ पासून यात सुधारणा झाली, पण पथ्य तेच आहे. कालचे लॉग, मागच्या वर्षीची बिले असे लिखाण कायमचे थांबलेले इंडेक्स मात्र खुशाल एका सेगमेंटवर आणावेत. ते काम रात्री करावे आणि एका वेळी एकच इंडेक्स घ्यावा. कमांड दिल्यावर आपण कनेक्शन तोडले तरी मर्ज सर्व्हरवर चालूच राहतो, त्यामुळे 'चुकून दाबले, आता बंद करतो' ही सोय नाही.

मोठ्या प्रमाणावर माहिती भरायची असेल तर रिफ्रेश तेवढ्यापुरता बंद ठेवावा किंवा ३० सेकंदांवर न्यावा, म्हणजे बारीक तुकडे कमी पडतात. रेप्लिकाही शून्यावर ठेवून नंतर वाढवाव्यात, कारण एरवी प्रत्येक रेप्लिका आपले मर्ज स्वतंत्रपणे करते आणि तेच काम दोनदा-तीनदा होते. दोन्ही सेटिंग नंतर आठवणीने पूर्ववत करावीत. हे विसरणारे आमच्या ओळखीत आहेत (नावे सांगत नाही). लॉगमध्ये 'इंडेक्सिंग थ्रॉटल करत आहोत' अशा अर्थाची ओळ दिसली तर डिस्क मर्जला पुरी पडत नाही असे समजावे. जुन्या फिरत्या डिस्कवर मर्जचा एकच थ्रेड ठेवावा. एसएसडी असेल तर त्या सेटिंगला हात लावायची गरज नाही.

आणि जागा! मर्ज पूर्ण होईपर्यंत जुने आणि नवे दोन्ही सेगमेंट डिस्कवर असतात. २०० जीबीचा शार्ड एका सेगमेंटवर आणायचा तर जवळपास तेवढीच मोकळी जागा हाताशी हवी. इलॅस्टिकसर्चमध्ये डिस्क ९५ टक्के भरली की त्या नोडवरचे इंडेक्स फक्त वाचण्यापुरते उरतात आणि नवे लिखाण थांबते. म्हणून डिस्क ८० टक्क्यांच्या वर गेलेली असेल तर आधी जुने इंडेक्स काढावेत किंवा एखादा नोड वाढवावा आणि मगच फोर्स मर्जचा विचार करावा.